बाळंतिणीची सोबत

आमच्या खाडीकाठच्या गावात बाळंतिणीला चाळीस दिवस एकटं सोडत नाहीत. चिल्ला पुरा होईपर्यंत खोलीत कुणी ना कुणी असतंच. उशाशी लोखंड ठेवायचं, रात्री दिवा विझू द्यायचा नाही, मगरिबच्या वेळी खिडकी लावून घ्यायची. का, असं विचारलं की नानी म्हणायची, सावली पडते. आता मदरशात शिकलेल्या मुली या गोष्टींना हसतात, आणि लोखंडाला किंवा दिव्याला दीनमध्ये आधार नाही हे खरंच आहे. पण लोखंडाबरोबर सोबतही जाऊ लागली आहे. मुंब्र्याच्या किंवा मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये पंधराव्या दिवशी बाळंतीण परत जाते, नवरा कामावर, शेजारचं दार बंद. आम्ही लिहितो आहोत ते या सोबतीबद्दल.

बाळंतपणानंतर मन उदास होणं, रडू येणं हे बहुतेक बायकांना माहीत असतं. दहाबारा दिवसांत ते ओसरतं. काहींना ते ओसरत नाही, महिनोन्‌महिने राहतं, त्यालाही उपचार लागतात. पण या दोन्हींहून वेगळा असा एक आजार आहे. हजार बाळंतपणांत एखाददुसऱ्या बाईला होतो आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. डॉक्टर त्याला प्रसूतीनंतरचा सायकोसिस म्हणतात. बाईची झोप जाते, मन भरकटतं, नसलेलं दिसतं, न बोललेलं ऐकू येतं. बाळ आपलं नाहीच, किंवा बाळाला या दुनियेतून सोडवायला हवं, अशी तिची खात्री होऊ शकते. जिवाला धोका असतो तो इथे, बाळाच्याही आणि आईच्याही. म्हणून हा आजार छातीत कळ येण्याइतकाच तातडीचा समजतात.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरात, २० जून २००१ रोजी अँड्रिया येट्स या बाईनं आपली पाचही मुलं संपवली. थोरला सात वर्षांचा, धाकटी सहा महिन्यांची. त्यानंतर तिनं स्वतःच पोलिसांना फोन केला. जगभर त्या वेळी एकच प्रश्न विचारला गेला, आई अशी कशी असू शकते? पण त्या घटनेच्या आधीची दोन वर्षं वाचली तर प्रश्न वेगळे पडतात. ही बाई पूर्वी नर्स होती. चौथ्या मुलानंतर, १९९९ मध्ये, तिनं स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला होता. पुढचं मूल झालं तर आजार उलटेल, असा इशारा डॉक्टरांनी तेव्हाच दिला होता. पाचवं मूल झालं, काही महिन्यांत तिचे वडील वारले, आणि ती पुन्हा ढासळली. २००१ च्या वसंतात तिला दोनदा रुग्णालयात ठेवावं लागलं. सायकोसिसवरचं औषध घटनेच्या सुमारे दोन आठवडे आधी थांबवण्यात आलं होतं. तिला मुलांबरोबर एकटं ठेवू नका, असंही सांगितलेलं होतं. त्या सकाळी नवरा नऊच्या सुमाराला कामावर गेला. सासू तासाभरानं यायची होती. जे घडलं ते त्या एका तासात.

आपण वाईट आई आहोत, आपल्यामुळे मुलं बिघडतील आणि जहन्नममध्ये जातील, आत्ताच गेली तर वाचतील, अशी त्या बाईची समजूत झाली होती. म्हणजे तिच्या लेखी ती मुलांना वाचवत होती. २००२ मध्ये तिला जन्मठेप झाली, २००५ मध्ये ती शिक्षा रद्द झाली, आणि २००६ मध्ये दुसऱ्या खटल्यात ज्यूरीनं तिला वेडाच्या भरातलं कृत्य म्हणून निर्दोष ठरवलं. तेव्हापासून तिला सरकारी मनोरुग्णालयात ठेवण्यात आलं. आपल्याकडे असं काही घडलं की लोक लगेच आईला चेटकीण ठरवतात. पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांच्या शिकवणीनुसार ज्याची अक्कल ठिकाणावर नाही त्याच्या नावे, ती परत येईपर्यंत, गुनाह लिहिला जात नाही. आपल्या देशाच्या फौजदारी कायद्यातही मनोविकल माणसासाठी वेगळं कलम आहे. अर्थात हे सगळं नंतरचं. गेलेलं मूल त्यानं परत येत नाही.

आमच्या घरातली गोष्ट आता सांगतो. धाकट्या बहिणीची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, माझं नाव नको, बाकी सगळं लिहा.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आमच्याकडे होती, दुल्हाभाई दोहाला. सातव्या दिवशी अकीका झाला, घर पाहुण्यांनी भरलेलं. ती त्या दिवशी फार बोलत होती, फार हसत होती. एका गोष्टीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. पाहुण्या म्हणाल्या, किती खुशमिजाज बाळंतीण! अम्मीनं मात्र आम्हांला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, ही झोपते कधी? आम्ही दोघींनी रात्री वाटून घेतलेल्या होत्या, म्हणून उत्तर देता आलं: बाळ झोपलं तरी ही झोपत नाही. तीन रात्रींत मिळून चारपाच तास झोप, आणि तरी थकवा नाही.

नवव्या रात्री दोन वाजता ती वुजू करून मुसल्ल्यावर उभी राहिली. निफासमध्ये नमाज माफ असते हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक आहे, तिला तर पुरतं ठाऊक होतं. तिला आठवण करून दिली तर म्हणाली, मला वेगळा हुक्म आला आहे. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट घरात पसरली. एक चाची म्हणाल्या, पोर किती नेक झाली, माशाअल्लाह. दुसऱ्या म्हणाल्या, असर आहे, आमिलकडे न्या. दोघीही मायेनंच बोलत होत्या. तेवढ्यात बहीण बाळाकडे बघत अगदी शांतपणे म्हणाली, हा जन्नतचा आहे, याला परत द्यायचा आहे.

अम्मी उठली, म्हणाली, दे गं, मी ढेकर काढते, आणि बाळ घेतलं. आरडाओरडा केला नाही, तौबा तौबा म्हटलं नाही, वाद घातला नाही. त्या क्षणापासून बाळ तिच्याजवळ एकटं राहिलं नाही, आणि तीही एकटी राहिली नाही. तासाभरात रिक्षा आली आणि संध्याकाळपर्यंत आम्ही रत्नागिरीला मनोविकारतज्ज्ञांसमोर होतो.

डॉक्टरांनी तिला सरळ विचारलं, बाळाला किंवा स्वतःला काही करावं असं मनात येतं का? आम्ही दचकलो. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरेल असं कुणालाही वाटेल. शिरत नाही. उलट तिनं सुटल्यासारखं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आम्हांला आणखी एक फरक समजावला. पुष्कळ आयांच्या मनात नकोसे विचार येतात, बाळ हातून पडलं तर, काही झालं तर, आणि त्या विचारांनी त्या स्वतःच घाबरून जातात. अशी घाबरलेली आई सहसा बाळाला इजा करत नाही. पण मूल काढून घेतील या धास्तीनं ती गप्प बसते आणि आत आत झिजते. भीती गेलेली असेल, त्या विचाराची खात्री झालेली असेल, त्यात काही चांगलं दिसू लागलं असेल, तर क्षणभरही थांबायचं नाही. दोन्हींमधला फरक घरच्यांनी ठरवू नये, तो डॉक्टरांवर सोडावा.

ती तीन आठवडे रुग्णालयात होती. अम्मी तिच्याबरोबर, बाळ आमच्याकडे. कुणीतरी शेजारी बसून तिला बाळ रोज मांडीवर देत असू. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळ एकत्र राहतील असा वेगळा वॉर्ड आहे. तसे वॉर्ड आपल्याकडे फार थोडे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही तीन वर्षांखालच्या मुलाला, त्याच्या जिवाला धोका नसेल तर, उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडू नये असंच म्हटलं आहे. आजारपण सांगितलं की मूल हिरावलं जातं, ही समजूत म्हणून चुकीची आहे. दूध पाजायचं की नाही हे औषधावर अवलंबून, तेही डॉक्टरच सांगतात. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, रमजानमध्येही नाही. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननंच दिली आहे. दीड महिन्यात आमची बहीण पुष्कळशी पहिल्यासारखी झाली. हा आजार जितका भयंकर दिसतो तितकाच, वेळेत उपचार झाले तर, बराही होतो.

आमिलचं म्हणणाऱ्या चाचींना अम्मी म्हणाली, तुम्ही दम करा, जरूर करा, पण गोळीची वेळ झाली की मी गोळी देणार. दवा आणि दुआ यांत भांडण लावण्याची आपल्याकडे रीतच नव्हती. काहिराच्या कलावून बीमारिस्तानात, म्हणजे १२८४ च्या सुमाराला, मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. आणि हजरत मरियम (अलै.) यांची हकीकत आपण सगळेच वाचतो. प्रसूतीच्या कळांत, खजुराच्या बुंध्याशी, एकटेपणी त्यांच्याही तोंडून याआधीच मरण आलं असतं तर बरं, असं निघालं. त्यावर त्यांना रागावलं गेलं नाही. दुःखी होऊ नकोस असं सांगून पाणी आणि ताजा खजूर पुढे करण्यात आला. बाळंतिणीला सब्र कर, शुक्र कर असं सुनावणाऱ्यांनी ही जागा पुन्हा वाचावी.

बापांबद्दलही थोडं. मुलांच्या जिवाला धोका आईकडूनच असतो असं नाही. कर्जात बुडालेला, धंदा बसलेला बाप आधी बायकापोरांना आणि मग स्वतःला संपवतो, अशा बातम्या मराठी वर्तमानपत्रांत येतच असतात. माझ्यामागे यांचं कोण, यांना मागे ठेवून कसं जाऊ, असं पुरुष बोलू लागला तर ते नुसतं वैतागाचं बोलणं समजू नका. गरिबीच्या भीतीनं मुलांना मारू नका, त्यांना आणि तुम्हांला रोजी अल्लाहच देतो, हे कुरआनमध्ये आहे. पण आयत ऐकवण्याआधी त्याच्याजवळ बसून कर्ज किती आहे, कुणाचं आहे, हे विचारावं, त्या रात्री त्याला एकटं आणि मुलांना त्याच्या भरवशावर ठेवू नये, आणि सकाळी डॉक्टरांकडे न्यावं. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस असते, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. बाळंतिणीच्या घरच्यांनाही हाच क्रमांक. लक्षणं उघड असतील तर मात्र फोनवर न थांबता थेट रुग्णालय गाठावं.

एकदा हा आजार झाला की पुढच्या बाळंतपणात तो उलटण्याची शक्यता बरीच असते. बहिणीला आता सातवा महिना आहे. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना आणि मनोविकारतज्ज्ञांना एकमेकांचे क्रमांक दिले आहेत, औषध केव्हा सुरू करायचं ते ठरलं आहे, दुल्हाभाईंनी दोन महिन्यांची सुट्टी मंजूर करून घेतली आहे. चाळिसाव्या दिवशी सोबत संपणार नाही, सहा महिने चालेल, कारण ह्यूस्टनच्या त्या घरातली धाकटी सहा महिन्यांची होती. पाळ्यांचा कागद फ्रिजवर लावला आहे. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ मोठ्या मामींनी मागून घेतली, तहज्जुदला त्यांना उठायचंच असतं.