लोडर पाहायला पुण्याला

शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून पुण्याला जाणारी पहिली एसटी पहाटेची. गेल्या डिसेंबरात मी आणि पुतण्या त्या गाडीत बसलो. काम एकच होते : चाऱ्याचे गठ्ठे उचलणारा लोडर ट्रॅक्टर पाहायचा.

हे काम का निघाले ते आधी सांगतो. थोरल्या भावाच्या गोठ्यात बारा गाई आहेत. त्यांच्यासाठी मावळातून भाताचा पेंढा येतो. पूर्वी तो सुटा, पेंढ्या बांधून येई. आता बेलर यंत्राने बांधलेले गोल गठ्ठे येतात. एकेक गठ्ठा चार फूट उंच. मागच्या उन्हाळ्यात ट्रक उतरवताना वरचा गठ्ठा घरंगळला आणि खाली उभ्या असलेल्या भावाच्या पायावर आला. हाड मोडले. तीन महिने खाटेवर गेले, अजून काठी सुटलेली नाही. तेव्हापासून पुतण्याने मनाशी घेतले की कर्ज काढायचे, ५५ अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असलेला नवा ट्रॅक्टर आणायचा आणि त्याला पुढे लोडर बसवायचा. घरचा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर त्याच्या नजरेतून उतरला. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बरोबर जा. पोरगं घाईचं आहे."

रांजणगाव, शिक्रापूर मागे पडले. सणसवाडीला जॉन डिअरचा ट्रॅक्टर कारखाना आला तसा पुतण्या खिडकीतून वाकून पाहू लागला. वाघोलीपासून गाडी मुंगीच्या पावलाने चालली. पुण्यात पोचेपर्यंत ऊन चांगलेच वर आले होते.

आधी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात गेलो. जवळच हवामान खात्याची जुनी इमारत आहे. १९२८ साली खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले, म्हणून पुणेकर अजून तिला शिमला ऑफिस म्हणतात. महाविद्यालयाच्या आवारात देशी गाईंचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गीर, साहिवाल गाई शांतपणे चारा खात होत्या. भोवती एवढे शहर गर्जते आहे याचे त्यांना काही नव्हते. तिथे भेटलेल्या एका जाणत्या गृहस्थाला पुतण्याने ट्रॅक्टरचा बेत सांगितला. त्यांनी ट्रॅक्टरचे काही विचारले नाही. विचारले, "गाई किती? रोज कोरडा चारा किती लागतो?"

मी हिशेब केला. गाईला पाच-सहा किलो धरला तर बारा गाईंना रोज साठ-सत्तर किलो. "मग गठ्ठे रोज किती हलवता?" या प्रश्नावर आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत राहिलो.

दुपारी पीएमपीच्या बसने भोसरीवरून मोशीला गेलो. डिसेंबरातले किसान प्रदर्शन तिथे भरते. नाशिक रस्त्याला लागलेले ते मैदान म्हणजे यंत्रांची जत्राच. बायामाणसे, कॉलेजची पोरे, धोतर-टोपीवाले म्हातारे, सगळे यंत्रांना हात लावून पाहत होते. लोडर लावलेल्या एका ट्रॅक्टरपाशी पुतण्या थबकला. तिथला वयस्क मिस्त्री मोठा बोलका निघाला. त्याचा पहिला प्रश्न, "गठ्ठ्याचे वजन किती?"

पुतण्या म्हणाला, "असेल दोनशे... तीनशे." मिस्त्री हसला. "अंदाजावर लोडर घेऊ नका."

मी घरी फोन लावला. वहिनींनी डब्यातून वजनकाट्याची पावती काढून वाचली : माल २,४०० किलो, नग दहा. म्हणजे गठ्ठा २४० किलोचा.

मग मिस्त्रीने मातीत काडीने आकृती काढली. दगड उचलायला आपण पहार लावतो, तसेच हे आहे, म्हणाला. पुढची चाके म्हणजे टेकू. त्या चाकांच्या दीड मीटर पुढे २४० किलोचा गठ्ठा धरला आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर दोन मीटर असले, तर मागच्या चाकांवरचे १८० किलो ओझे कमी होते आणि पुढच्या आसावर ४२० किलो वाढते. लोडरचे लोखंड वेगळेच. वळणावर, उतारावर मागची चाके हलकी झाली की ब्रेक धरत नाही आणि ट्रॅक्टर कलंडतो. म्हणून लोडर लावला की मागे वजन लावलेच पाहिजे.

त्याने सांगितलेल्या बाकीच्या गोष्टी मी वहीत उतरवल्या. पत्रकावरची उचलण्याची क्षमता बहुधा लोडरच्या हातांच्या टोकापाशी मोजलेली असते. गठ्ठ्याचा मध्य त्याच्या दोन-अडीच फूट पुढे असतो, तिथे तेवढे उचलत नाही. पूर्ण उंचीवर किती उचलतो तेही विचारावे. पॉवर स्टिअरिंग हवे, नाहीतर पुढच्या ओझ्याने हात मोडून येतात. हात वर-खाली करायला आणि काटा वाकवायला हायड्रॉलिकचे दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह लागतात, ते आपल्या ट्रॅक्टरला बसतील का हे पाहावे. पुढे-मागे जाण्याचा गिअर सोपा असावा, कारण या कामात दिवसभर तेच करायचे असते. आणि चालकाच्या डोक्यावर मजबूत सांगाडा हवाच. गठ्ठा उंच धरून चालले तर तो हातांवरून गडगडत थेट चालकावर येतो. गठ्ठा नेहमी जमिनीलगत धरून न्यावा.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "काका, आपला गठ्ठा चार दिवस पुरतो. म्हणजे आठवड्याला दोनच उचलायचे. त्यासाठी एवढं कर्ज?"

मिस्त्रीने शेजारचे एक साधे लोखंडी अवजार दाखवले. ट्रॅक्टरच्या मागे तीन-बिंदू जोडणीला लावायचा लांब सुळ्यांचा काटा. गठ्ठ्यात खुपसायचा, उचलायचा, गोठ्यापाशी ठेवायचा. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मागे हजार किलोहून अधिक उचलतो, त्याला २४० किलोचे काय? मात्र या काट्याने ट्रक उतरवता येत नाही की उंच थर लावता येत नाही. ट्रकच्या दिवशी काट्याचा लोडर तासावर भाड्याने आणावा आणि गठ्ठे एकाच थरात ठेवावे, असे त्याने सुचवले. चाळीस-पन्नास गाई झाल्या तर लोडर ट्रॅक्टर जरूर घ्या, म्हणाला.

त्यावरून एक गोष्ट वाचकांना सांगून ठेवतो. यंत्रासाठी अनुदान हवे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करावा आणि पूर्वसंमती हाती येण्याआधी खरेदी करू नये.

रात्री उशिरा घरी पोचलो. भाऊ ओट्यावर जागाच होता. पुतण्याने सगळा हिशेब सांगितला. भावाने किंमत विचारली नाही. काठी बाजूला ठेवून म्हणाला, "ट्रक उतरताना माणूस गठ्ठ्याखाली येणार नाही ना?"

त्याचे उत्तर पुण्यात विकत मिळत नव्हते, ते आम्हीच ठरवले. लोडर ज्या बाजूने उचलतो त्याच्या समोरच्या बाजूला कुणी उभे राहायचे नाही, मुलांनी आवारात यायचे नाही. जानेवारीत ट्रक आला तेव्हा भाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. गठ्ठ्याच्या जवळ कुणी सरकले की तिथून काठी आपटत होता. दहाही गठ्ठे उतरले. वहिनींनी त्या दिवशीची काट्याची पावतीही डब्यात घातली.