पाझर

छप्पर गळतं, नळ ठिबकतो, माठ पाझरतो, भिंतीतून ओल झिरपते. हिंदीतही टपकना, रिसना, चूना, पसीजना अशी रांग आहे, आणि गेली वीसेक वर्षं हिंदीतून मराठीत भाषांतर करताना या दोन रांगांच्या जोड्या मी कितीदा लावल्या असतील त्याची गणती नाही. गढ्यातल्या आमच्या उस्तादांनी माझ्या मुलीच्या डर्ट बाइकच्या मागच्या ब्रेकवर बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं आणि म्हणाले, "टपक नहीं रहा दीदी, पसीज रहा है." क्रियापदातच निदान होतं. टपकत असतं तर नळी फुटलेली किंवा बोल्ट सैल. पसीजतंय म्हणजे आतलं रबर गेलं.

मराठीत पाझरतं, एवढं सरळ भाषांतर. गंमत अशी की दोन्ही भाषांत या शब्दाला काळीजही चिकटलेलं आहे. तिकडे पत्थर पसीजतो, इकडे दगडाला पाझर फुटतो. गढ्यात राहून हे सुचणं साहजिक आहे. मदनमहालचा किल्ला एका प्रचंड ग्रॅनाइटच्या दगडावर बसलाय आणि त्याच टेकडीवर एका शिळेवर दुसरी शिळा टेकलेली आहे, केव्हाही घरंगळेल अशी. ही गोंड राजांची जुनी राजधानी. राणी दुर्गावती 1564 मध्ये अकबराच्या फौजेशी लढताना गेली. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी हे राज्य संपवलं. पुढे 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे आमच्यासारखी मराठी घरं इथे परकी वाटत नाहीत. इथल्या हिंदीत "काए" म्हणून हाक मारतात तेव्हा नवख्या मराठी पाहुण्याला आपणच बोलल्यासारखं वाटतं.

बाबा नागपूरहून व्हेईकल फॅक्टरीत नोकरीला आले ते 1971 साली. फॅक्टरी सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. शक्तिमान ट्रक आणि जोंगा यांच्यात त्यांचं आयुष्य गेलं. (जोंगा हे नाव जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून केलेलं आहे. हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात.) आता ते शहात्तर वर्षांचे आहेत आणि गेली चार वर्षं त्यांचे हात थरथरतात. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात.

मुलगी बावीसची. बरगी धरणाच्या जलाशयाकाठच्या गावांत विहिरींचं आणि हातपंपांचं पाणी तपासायचं तिचं काम. डांबरी रस्ता संपला की मुरमाचे उतार. तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबला तर पुढचं चाक सरकून गाडी अंगावर येते, म्हणून वेग मागच्या ब्रेकवर तोलायचा असतो. तो पेडल आता निम्म्याहून खाली जात होता आणि मागच्या रिमवर तेलकट ओघळ होता. एका सर्व्हिस सेंटरवर सांगितलं, अख्खा कॅलिपर बदला, पार्ट यायला तीन आठवडे. सोमवारी तिला निघायचं होतं. ती म्हणाली, पुढच्या ब्रेकवर जाईन. बाबांनी काही न बोलता बाइकची किल्ली उचलून खिशात टाकली.

उस्तादांकडे रबर किट मिळालं, पण लग्नसराईत त्यांच्या दाराशी गाड्यांची रांग होती. मग शनिवारी सकाळी आमच्याच अंगणात वर्तमानपत्रं पसरली. बाबा खुर्चीत, मुलगी जमिनीवर, मी टॉर्च घेऊन. माझं खरं काम दुभाष्याचं होतं. बाबांना अवजारांची भाषा कारखान्यात मिळाली, ती हिंदी. मुलीला व्हिडिओ पाहून, ती इंग्रजी. ते "चूड़ी मर जाएगी" म्हणाले की ती माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, आटे. तिच्या चेहऱ्यावर तरी काही नाही. मग थ्रेड. एका वस्तूला तीन शब्द, आणि अंगणात तीन पिढ्या.

आधी गळती नेमकी कुठे ते शोधलं. ब्रेकचं तेल (इकडे सगळे डिस्क ऑइल म्हणतात, खरं तर ते तेल नाहीच, ग्लायकॉलचं मिश्रण असतं) पाण्यात विरघळतं, म्हणून कॅलिपर साध्या पाण्यानं धुऊन पुसला आणि पेडल दाबत बसलो. नळीचा जोड कोरडा, निपल कोरडा. पिस्टनच्या कडेला मात्र हळूहळू ओल चढली. पसीज रहा था.

दोन बोल्ट काढून कॅलिपर सुटला. एक पॅड तेलानं भिजलेला. तो भाजून, घासून परत लावतात लोक, बाबांनी तो सरळ कचऱ्यात टाकायला लावला, जोडीदारासकट. नळी जोडलेलीच ठेवून, पुढे फडकं धरून पेडल दाबत गेलं की पिस्टन स्वतःहून बाहेर येतो. तो आला तसा बाबांनी हात पुढे केला. पिस्टनवर ओरखडा आहे का, हे नखानं बघायचं असतं. नख अडकलं तर पिस्टन बाद. बाबांनी नख टेकवलं, पण बोट थरथरत होतं, ते प्रत्येक ठिकाणी अडकत होतं. दोनदा बघितलं. मग त्यांनी पिस्टन नातीच्या हातात दिला. "तू सांग. अडकतंय?"

तिनं डोळे मिटून पूर्ण गोल फिरवलं. "नाही अडकत, आजोबा."

"परत बघ."

तिनं परत बघितलं. नाही अडकत. आजोबांनी मान हलवली, आणि त्यानंतर त्यांनी एकही वस्तू हातात मागितली नाही.

दोष खाचेत निघाला. बाहेरचं धुळीचं रबर फाटलं होतं, तिथून चिखलपाणी आत गेलं होतं आणि आतल्या रबराच्या मागे ॲल्युमिनियमचा पांढरा क्षार साठला होता. त्यानं रबर खाचेतून उचललं गेलं होतं. मुलगी बाटलीतलं रॉकेल घेणार तेवढ्यात बाबा ओरडले. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, काही नाही. या जातीचं रबर त्यानं फुगतं आणि महिन्याभरात पुन्हा हाच तमाशा. खाच बांबूच्या काडीनं खरवडली, स्पिरिटनं पुसली.

त्या आतल्या रबराबद्दल मला आधी माहीत नव्हतं आणि ते कळल्यापासून मी त्याच्या प्रेमात आहे. त्याची कड चौकोनी असते. पेडल दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि रबर त्याला धरूनच थोडं वाकतं. पाय काढला की रबर सरळ होतं आणि जाता जाता पिस्टनला केसभर मागे ओढून घेतं. परत आणायला स्प्रिंग नाही. तेल अडवणं आणि मागे खेचणं, दोन्ही कामं त्या एका कड्याची. कॅलिपर हा शब्द कॅलिबरचा भाऊ, आणि तो अरबी क़ालिबवरून, म्हणजे साच्यावरून आला असावा असं मानतात. उर्दूत जिवलगांना "एक जान दो क़ालिब" म्हणतात. हे मी त्या वेळी म्हणून दाखवलं. बाबा म्हणाले, "टॉर्च नीट धर."

नवी रबरं ताज्या तेलात भिजवून बसवली, पिस्टन बोटांनी सरळ आत ढकलला, सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, नळीच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे नवे वायसर. मग हवा काढणं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून बुडबुडा राहिला की पेडल स्पंजासारखा. या गाडीत निपल सगळ्यात उंच येत नाही, त्यामुळे कॅलिपर सोडून, पॅडच्या मध्ये लाकडाचा तुकडा देऊन, निपल वर करून धरावा लागला. तो मी धरला. दाब, उघड, बंद, सोड. बाबा मोजत होते आणि मास्टरची डबी रिकामी होऊ देऊ नका असं दर चार वेळा बजावत होते. तेल डॉट 4, सीलबंद बाटलीतलं. ते हवेतलं पाणी ओढतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, पाणी ओढलेल्याचा 155 पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर हा फरक जिवाचा.

रात्रभर पेडलवर दोरी बांधून दाब ठेवला आणि खाली कोरा कागद. सकाळी कागद कोरा. गल्लीच्या उतारावर तिनं पाच-सहा वेळा थांबून दाखवलं. बाबांनी खिशातून किल्ली काढली.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला, जलाशयाच्या काठावरून, आवाज तुटत होता. फोन बाबांनीच घेतला. "पेडल?" त्यांनी विचारलं.

"कडक," ती म्हणाली.