पाठीवरची वाळू आणि पोलीस भरती

पहाटे साडेपाचला गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे नाहीतर विद्यापीठाच्या रस्त्यांवर एक चक्कर मारा. भरतीची पोरं पळताना दिसतील. त्यातली काही जण पाठीला जुनं दप्तर करकचून बांधून पळतात. आत वाळू, एखाद्याच्या दप्तरात चक्क विटा. कुणी घोट्याला वाळूचे पट्टे बांधलेले. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, वजन उतरवलं की वाऱ्यासारखं पळता येतं."

या पोरांच्या मेहनतीबद्दल बोलायची माझी लायकी नाही. पण वाळूबद्दल बोलायलाच पाहिजे.

पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर आणि 100 मीटर धावायचं असतं, आणि 7.260 किलोचा गोळा फेकायचा असतो. मैदानी चाचणी 50 गुणांची. पाठीवर ओझं घेऊन पळा, असं त्यात कुठंच नाही. मग सराव कशाचा चाललाय?

साधा हिशोब बघा. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीचा दणका शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट बसतो. पोरगा 65 किलोचा असेल तर 160 किलोच्या आसपास. पाठीवर दहा किलो वाढवले की दर पावलाला आणखी पंचवीस. 1600 मीटरला हजार-बाराशे पावलं धरा. तेही सपाट बुटात आणि डांबरावर! घोट्याच्या पट्ट्यांचं तर आणखी वाईट. पाय लोलकासारखा ओढला जातो, पळण्याची ढब बिघडते आणि ताण गुडघ्यावर येतो.

वजन घेऊन व्यायाम करूच नये, असं मी म्हणत नाही. सकाळी गोगाबाबा टेकडीवर चढणाऱ्या काकांनी अंगाला घट्ट बसणारं वजनाचं जाकीट घालून चालायला हरकत नाही. सुरुवात शरीराच्या वजनाच्या पाच टक्क्यांनी करावी, दहाच्या पुढे जाऊ नये. कंबर, गुडघा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. पण "जाकिटानं हाडं मजबूत होतात" ही जाहिरात जपूनच घ्या. 2025 मध्ये अमेरिकेत वजन कमी करणाऱ्या 150 वयस्कर लोकांवर वर्षभराचा अभ्यास झाला. जाकीट घालूनही त्यांच्या खुब्याच्या हाडाची झीज थांबली नाही. (आपल्याकडं डोक्यावर हंडे वाहून बायांची हाडं मजबूत झाली असती, तर पाणीटंचाईलाच आरोग्य योजना म्हणावं लागलं असतं.)

भरतीवाल्यांना ताकद हवीच असेल तर बैठका मारा, पायऱ्या चढा, टेकडीवर बिनओझ्यानं छोटे स्प्रिंट मारा. वजन उचलायचं तर एका जागी उभं राहून, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली उचला. आपल्याच शहरात साईचं केंद्र आहे. तिथल्या प्रशिक्षकांनी भरतीच्या तोंडावर दोन रविवार या पोरांना दिले तर किती पाय वाचतील!

कारण इथं पाय गेला की नुसता व्यायाम बंद पडत नाही. खुल्या प्रवर्गाला वयाची अट 28, मागासवर्गीयांना 33. भरती कधी निघेल याचा नेम नाही. त्यात ऐन वेळी सहा-आठ आठवडे घरी बसणं म्हणजे अख्खी भरती हातची जाणं.

अकादमीवाल्या सरांना एक विनंती. पोरगा "नडगी दुखते" म्हणाला की "सहन कर" म्हणू नका. बोट ठेवावं अशा एकाच जागी हाड दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरकडं पाठवा. हाडाला बारीक तडा असला तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो, हेही त्याच्या घरच्यांना सांगा.