मास्तरांचा पगार आणि गावातली खोली

मंडळी, पारावर चार माणसे बसली की दोघा नोकरदारांचा पगार हमखास मोजला जातो. एक शाळेतला मास्तर आणि दुसरा माझ्यासारखा कृषी विस्तार अधिकारी. "एवढा पगार घेतात आणि दुपारची एसटी धरतात!" मी समोर असलो की माझे नाव गाळतात, एवढेच. तेव्हा मी मास्तरांविषयी लिहितो आहे ते एका पंगतीतला म्हणून, असे कोणी म्हटले तरी माझी हरकत नाही. पण हिशेब नीट बघा.

तुमच्या शाळेत दोन शिक्षक असतील, तर दोघांचा पगार सारखा असे धरून चालू नका. जुन्या गुरुजींना सातव्या वेतन आयोगाचा पगार आहे, महागाई भत्ता आहे. तो चांगलाच आहे, नाही कशाला म्हणा? पण शेजारच्या वर्गात नवी लागलेली बाई शिक्षण सेवक असते. ही योजना 2000 साली आली. पहिली तीन वर्षे पगार नाही, नुसते मानधन. प्राथमिकला ते सुरुवातीला महिना 3000 रुपये होते. पुढे 6000 झाले आणि वर्षानुवर्षे तिथेच रुतले. जानेवारी 2023 पासून ते 16000 झाले. सहा हजारांचे दिवसाला दोनशे पडतात. 2022 साली दोनशे रुपये रोजावर सोयाबीन कापायला कोणी गडी आला होता का तुमच्या बांधावर? आणि ही बाई डी.एड. होऊन, वर पात्रता परीक्षा देऊन आलेली.

तिसरी जात विनाअनुदानित शाळेतल्या मास्तरांची. पोराला संस्थेत चिकटवण्यासाठी एकर-दीड एकर विकणारे बाप मी पाहिले आहेत. पोरगा वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवतो, अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसतो आणि सुट्टीत उरलेल्या रानात तूर खुरपतो. गाव त्याला 'सर' म्हणते, सोयरीक मात्र जुळत नाही. घरात असा विचार चालू असेल, तर सातबाऱ्याला हात लावण्यापूर्वी त्या शाळेत आधी लागलेल्या दोन शिक्षकांना गाठून विचारा, पगार कधी सुरू झाला म्हणून.

मान पूर्वी होता, असे म्हातारी माणसे सांगतात. खरे आहे. माझ्या लहानपणी सुगीचा पहिला वानोळा गुरुजींच्या घरी जायचा. पण त्याच गुरुजींची किराणा दुकानातली उधारीही मला आठवते. मानाने डाळ शिजत नव्हती.

आता घरभाडे भत्त्याचे. तुम्हा लोकांचा खरा राग इथेच असतो. मास्तर गावात राहत नाही, मग भाडे कशाचे? प्रश्न वाजवी आहे. शिक्षक गावात असला की संध्याकाळी पोरे त्याच्या ओसरीवर अभ्यासाला बसतात, हे मी पाहिले आहे. 9 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयाने मुख्यालयी राहण्याबाबत ग्रामसभेचा ठराव मागितला. म्हणजे कागदाची दोरी तुमच्या हाती आली.

अशा एका ग्रामसभेला मी हजर होतो. ठराव द्यायचा नाही, यावर सगळे एकमत. मी विचारले, "बाईंना खोली कोण देतो?" सभा गप्प! मग एकेक कारण बाहेर पडू लागले. एकाच्या खोलीत कडबा होता. एकाला एकटी बाई नको होती. संडास तर पुष्कळांच्या खोलीला नव्हताच. आणि एका शहाण्याने सर्वांदेखत बाईंचे आडनाव पुन्हा विचारून घेतले. ते कशासाठी, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांना खोली मिळाली नाही, आणि ठरावही नाही.

सरपंचांना मी एवढेच सुचवले, की पुढल्या सभेत ठरावाआधी गावातल्या भाड्याच्या खोल्यांची यादी वाचा. ते हो म्हणाले आहेत. तोवर त्या बाई तालुक्याहून सकाळच्या एसटीने येतात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की गाडी अलीकडेच थांबते, आणि त्या दिवशी पहिलीचा वर्ग चौथीतली पोरे सांभाळतात.