तलवारींची दुर्री

भाचीने वाढदिवसाला टॅरोचा कॅट दिला, तो तीन महिने कपाटात साड्यांखाली पडून होता. आमच्याकडे अडलं की देवळात जाऊन कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर कळे लावतो. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. चित्रांच्या पत्त्यांना काय विचारायचं?

उघडला तो चित्रांसाठी. सावंतवाडीची असल्यामुळे गंजिफा पाहिलेला, दशावतारीचे ते १२० गोल पत्ते. टॅरोही मूळचा खेळच, पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला. भविष्य त्याला फार उशिरा चिकटलं. हे कळल्यावर भीड चेपली. माझा कॅट १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या कॅटची नक्कल. त्यातली चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिची, पण लोकांच्या तोंडी नावं प्रकाशक रायडर आणि कॅटची कल्पना मांडणारा वेट यांचीच. पत्त्याच्या कोपऱ्यातली तिची वळणदार सही मी अजून आधी शोधते.

मग सकाळच्या चहाबरोबर एक पत्ता काढायचा आणि दिसेल ते वहीत पाच ओळी लिहायचं, असं सुरू झालं. पुस्तकातला अर्थ नंतर. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे विचारायचं नाही, आणि आवडला नाही म्हणून पुन्हा काढायचा नाही. मध्ये ओरॅकल कार्डंही आणून पाहिली. प्रत्येकावर गोड गोड वाक्य. मला ती कॅलेंडरवरच्या सुविचारांसारखी वाटली, मैत्रिणीला देऊन टाकली.

दिवाळीनंतर आईच्या घराचा विषय निघाला. दादाला ते विकायचं होतं. मला नको होतं, पण वर्षातून आठ दिवस तिथे जाणारीने कुठल्या तोंडाने सांगावं? फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायचो.

एका सकाळी तलवारींची दुर्री आली. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई दगडी बाकावर बसली आहे, छातीशी हात आडवे, दोन्ही हातांत तलवारी. मागे समुद्र, वर चंद्रकोर. मी लिहिलं, ‘हिला कोणीतरी कोंडीत पकडलंय.’ आणि स्वतःचाच नियम मोडून आणखी दोन पत्ते काढले. नवरा म्हणाला, ‘‘आता उजवा कौल मिळेपर्यंत काढत बसणार का?’’

ते दोन्ही परत ठेवले. दुर्री टेबलावरच राहिली. दुपारी निवांत पाहिली तर चित्रात दुसरं कोणी नव्हतंच. हातही बांधलेले नव्हते. पट्टी तिला स्वतःला सोडता आली असती, पण त्यासाठी तलवारी खाली ठेवाव्या लागल्या असत्या. तोवर खांदे किती भरून आले असतील, असं मनात आलं आणि माझाच हात मानेकडे गेला.

रात्री दादाला फोन केला. म्हटलं, ‘‘मला घर विकायचं नाहीये. आणि एकटीने सांभाळण्याइतके पैसेही नाहीत माझ्याकडे.’’ तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘आई नसताना ते कुलूप उघडवत नाही गं मला.’’ इतक्या महिन्यांत हे मी ऐकलंच नव्हतं.

विकायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. मे महिन्यात दोघं मिळून गेलो, कुलूप मी उघडलं. पावसाआधी कौलं तेवढी शाकारून घेतली, निम्मे पैसे त्याचे.