तिसरीतले मूल वाचत नसेल तर

चि. भाचीस,


छापलेला शब्द ओळखून उच्चारणे आणि त्याच क्षणी त्याचा अर्थ लागणे, ही दोन्ही कामे एकत्र होतात तेव्हाच मूल वाचते असे म्हणता येते. खेड्यापाड्यांतल्या शाळांत ही जोडणी पुष्कळदा होतच नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी २०.५ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. २०२४ मध्ये हे प्रमाण २७.१ टक्क्यांवर आले. वाढ झाली हे खरे, पण तिसरीत बसलेली बहुसंख्य मुले पुस्तकासमोर अजून अडखळतच आहेत.

या अडचणीचे एक मूळ शिकवण्याच्या क्रमात आहे. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे, असा जुना क्रम. त्यात अर्थाचे वाक्य हाती यायला कित्येक महिने जातात, आणि तोवर घोकंपट्टीलाच वाचन समजण्याची सवय लागते. त्याऐवजी अक्षरांचे लहान गट घेता येतात. म, क, ल, र, घ, आ आणि काना एवढ्यावर काका, मामा, घर, काम, मला हे शब्द होतात. ‘काका आला’ हे वाक्यही होते. पहिल्या काही आठवड्यांतच मुलाला कळते की अक्षरे काहीतरी सांगतात. वेलांटी, रफार, ‘ट्र’मधला र हे नंतर सावकाश यावे. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराआधी येते आणि बोलताना नंतर, त्यामुळे तिथे अडखळणाऱ्या मुलाला ढ ठरवणे अन्यायाचे आहे.

दुसरे मूळ घरच्या भाषेत आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च सारखाच लिहितात, उच्चार मात्र वेगळा. मराठी बोलणारे मूल तो न शिकवता बरोबर करते, कारण शब्द त्याच्या कानावरून गेलेला असतो. कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला हा आधार नाही. या भाषा मराठीच्या कुळातल्याच नाहीत. वारली, पावरी, कातकरी बोलणाऱ्यांचीही पहिलीत कमी-अधिक तीच ओढाताण होते. म्हणून मुलाने आपल्या बोलीत सांगितलेले एखादे वाक्य शिक्षकाने तसेच फळ्यावर लिहावे आणि तेच त्याने वाचावे. आपण बोललो ते फळ्यावर उमटले, हे त्याला दिसते. मराठी शब्द मग त्या वाक्याला जोडून येतात. शाळेने मुलाच्या घराकडे जायचे, ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली.

मागे पडलेल्या मुलांसाठी सर्वांत परिणामकारक ठरलेला उपाय खर्चिक नाही. ‘प्रथम’ या संस्थेने तयार केलेल्या वाचनचाचणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या असतात, एकेका मुलाला जवळ घेऊन काही मिनिटांत ती होते. मग इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे. हरियाणातल्या सरकारी शाळांत २०१२-१३ मध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांना रोज एक तास असे शिकवले गेले आणि त्यांचे हिंदी वाचन सुधारले. द्विशिक्षकी शाळेत इयत्ता एकत्र बसतातच. तिथे हे उलट सोपे जाते. एवढेच की तो तास रोज व्हायला हवा. माहिती भरणे, सभा, सर्वेक्षण यांत तो जाता कामा नये.

पुस्तकांविना हे सारे अपुरे आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह वाचनालय असावे असे म्हटले आहे. पुष्कळ ठिकाणी ती पुस्तके फाटतील, तपासणीत कमी भरतील या भीतीने कपाटात बंद असतात. ज्या घरात छापील कागद येत नाही, तिथल्या मुलाला ती हाताळायला आणि घरी न्यायला मिळालीच पाहिजेत. शिक्षकाने रोज एक गोष्ट मोठ्याने, चित्रे दाखवत वाचावी. पुढे काय होईल, असे मध्येच विचारले की मुले अर्थाच्या मागे धावू लागतात.

तुझ्या शाळेत तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाकडून या आठवड्यात एक परिच्छेद वाचून घे, आणि कपाटाचे कुलूप काढ.

तुझा,
मामा