घरातली ‘राझी’

मे २०१८. नोकरी सोडून मला तीन आठवडे झाले होते आणि घरी कुणालाच पत्ता नव्हता. रोज सकाळी आईने भरलेला डबा घेऊन मुलुंड स्टेशनच्या दिशेने निघायचं आणि अलीकडच्याच कॅफेत बसून लेख पाडायचे. अशात आईने ‘राझी’ची तिकिटं काढायला लावली. का, तर त्यात ‘आपली’ अमृता खानविलकर आहे!

१९७१चं युद्ध आणि पाकिस्तानी लष्करी घरात सून म्हणून गेलेली भारतीय हेर सेहमत. आलिया भट आहेच (तिची आई झालीय तिची खरी आई, सोनी राझदान). पण मला धरून ठेवलं ते जयदीप अहलावतच्या कोरड्या चेहऱ्याने. विकी कौशल तर शत्रूचा अधिकारी असूनही इतका सज्जन, की बाजू कुणाची घ्यावी कळेना. मालाडच्या चाळीत जन्मलेला, अंधेरीत इंजिनीअरिंग केलेला. वेस्टर्नवाला असला तरी आपलाच!

अमृताच्या मुनिराला सीन कमी. पण ती जिला मायेने सांभाळून घेते, ती सेहमतच तिच्या नवऱ्याला मारते. तिथे मला आईकडे बघवेना.

बाहेर पडल्यावर आई म्हणाली, “त्या अब्दुलला पहिल्यापासून संशय होता बघ.”

“हो ना.”

“तुझा लोकलचा पास संपून दहा दिवस झालेत.”

मी मुकाट दोन वडापाव घेतले.

“उद्यापासून घरीच जेव,” ती म्हणाली, “गरम तरी मिळेल.”